कंट्रोलर कार्ड, दोन युनिटचं

शिवाजी पार्क, दादर
६ नोव्हेंबर २०२४

काकू,

वाकून नमस्कार करतोय असं समज. कमरेचं दुखणं आहे, पण तुझ्यासाठी वाकलो.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरतेस. मागे मी सांगितलं, प्रितीची बदली ठाण्याला झाली. तू चाळभर सांगितलंस, उन्मेषने बायकोला ठाण्याला ठेवली. ठाणं म्हटलं की तुम्हा लोकांना तिथलं वेड्यांचं इस्पितळ सोडून दुसरी इमारत आठवत नाही. तुझी मैत्रीण मीराबाई अजून प्रिती दिसली की तिच्याशी सावकाश, शब्द तोडून बोलते. म्हणून यावेळी कागदावर.

काम असं आहे. गिरणी बंद पडल्यावर शामकाका परळच्या कॉम्प्युटर क्लासात सामान सांभाळायला होते. क्लास बंद झाला तेव्हा मालकाने त्यांना निरोप म्हणून एक कॉम्प्युटर आणि पेटीभर सुटं सामान दिलं. कॉम्प्युटर काकांनी मला दिला, पेटी तुमच्या पोटमाळ्यावर गेली.

तो कॉम्प्युटर मी अजून जपलाय. प्रितीच्या मते तो जेवणाच्या टेबलाची जागा अडवतो. माझ्या मते जेवणाचं टेबल त्याची जागा अडवतं. पण सध्या तो बंद आहे, कारण त्याचं साठवणीचं कंट्रोलर कार्ड गेलं. तुला समजेल असं सांगतो. आत साठवण भरलेली आहे, पण कार्ड नसेल तर एक दाणा बाहेर येत नाही. कार्ड नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर मला ओळखच देत नाही. आणि कुठलंही कार्ड उचलून चालत नाही. ज्या कार्डावर साठवण पहिल्यांदा भरली, त्याच घराण्यातलं जुनं कार्ड लागतं, नाहीतर जुळत नाही.

लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एक दुकानदार म्हणाला, "साहेब, हे मागणारे तुम्ही शेवटचे. तुमच्या आधीचे वारले." जानेवारीत दादरला जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन आहे. गिरगावचा हितेंद्र आपलं यंत्र चालू करून दाखवणार आहे, आणि मला विचारतो, "तुझं काय, फुलदाणीसारखं मांडणार?"

माझी खात्री आहे, ते जुनं कंट्रोलर कार्ड काकांच्या पेटीत असणार. मी येऊन शोधू, की तू काढून ठेवतेस?

तुझा,
उन्मेष

*

घोडपदेव
१० नोव्हेंबर

उन्मेषा,

आशीर्वाद आहेतच. ते कार्डाशिवाय मिळतात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्याने आणि एकदा डोक्याने. काकांच्या दिवसांना आलास तेव्हा दोन वाट्या वरण पिऊन गेलास, त्यानंतर थेट आमच्या जुन्या कार्डाचीच आठवण. बरं वाटलं.

आमच्या चाळीचं काम निघालंय, हे तुझ्या कानावर आलं नसेलच. चाळ पाडून टॉवर होणार. पुढच्या महिन्यात तपासणीची माणसं येणार. कोण कुठल्या खोलीतला, ते जुने कागद बघून ठरवणार. ज्याचा कागद जुळला तो टॉवरमध्ये, ज्याचा नाही तो रस्त्यावर. नेमकं अशा वेळी तुला कंट्रोलच्या कार्डाची आठवण झाली, यात मला काहीच वाटलेलं नाही, असं समज.

पेटी माळ्यावर आहे. शिडी मोडलीय. शिडी नीट करणारा गावाला गेलाय, आणि तो परत आला की आजारी पडणार आहे. तेव्हा यायची घाई करू नकोस.

कॉम्प्युटर ओळख देत नाही म्हणतोस. इथल्या दुकानातल्या मशीनलाही माझा अंगठा ओळखू येत नाही. जन्मभर भांडी घासून रेषा गेल्या. पण म्हणून मी दुसऱ्याच्या माळ्यावर चढले नाही.

आता सरळ विचारते, सरळ उत्तर दे. कार्ड कुठल्या रंगाचं हवंय? किती युनिटचं? आणि कुणाच्या नावाचं?

आनंदीकाकू

*

शिवाजी पार्क
१३ नोव्हेंबर

काकू,

नमस्कार. तुझ्या प्रश्नांनी मी थक्क झालो. हितेंद्रनेसुद्धा युनिटचं विचारलं नव्हतं. काकांच्या हाताखाली तू बरंच शिकलेली दिसतेस, आणि आम्ही तुला नुसती सोलकढी करायला लावली.

क्रमाने सांगतो. रंग बहुतेक हिरवा. पिवळं असेल तर आणखी उत्तम, पिवळं मिळणं हल्ली नशिबाचा भाग. युनिट म्हणशील तर दोन युनिटचं हवं. मी एकच जोडणार आहे, पण कार्डावर दोघांची सोय असतेच. नाव कुणाचंही असो, मला नावाशी कर्तव्य नाही. एकदा माझ्याकडे येऊन नीट बसलं की ते माझंच.

टॉवर होतोय हे ऐकून आनंद झाला. पण मग घाई कर. एकदा खोली रिकामी झाली की तुझ्या हाती काही लागायचं नाही. लोक येतात, भराभर सगळं उचलतात आणि आपण बघत राहतो. शिडीची चिंता सोड, माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमची आहे, ती घेऊन येतो.

तोवर एक कर. कार्ड सापडलं तर त्याचे कोपरे उंदरांनी कुरतडलेत का बघ. खालच्या कडेला सोनेरी पट्टी असते. ती काळवंडली असेल तर पाणी लावू नकोस. साधं खोडरबर घे आणि जुनं जे काही दिसतं ते हलक्या हाताने खोडून काढ. लख्ख होतं. आम्ही सगळे असंच करतो.

उन्मेष

*

घोडपदेव
१६ नोव्हेंबर

मीरे,

तू लालबागला राहायला गेलीस आणि माझं डोकं चालवणारं माणूस या मजल्यावर उरलं नाही. फोनवर बोलले तर अर्धी चाळ ऐकेल, कारण मी ओरडते. म्हणून लिहिते. वाचून धम्मपालला दाखव. पोरगा वकील झाला तो काय फक्त काळा कोट घालून लग्नाला जायला?

माझा पुतण्या उन्मेष, शिवाजी पार्कवाला, आमचं जुनं रेशनकार्ड मागतोय. आपण कंट्रोलचं कार्ड म्हणायचो ना, तेच. हा शिकलेला, म्हणून 'कंट्रोलर कार्ड' म्हणतो. ते कार्ड आमच्या थोरल्या भावोजींच्या, म्हणजे त्याच्या बापाच्या, नावाचं आहे. रघुवीर महादेव तेंडोलकर, कुटुंबप्रमुख. भावोजी दादरला गेले, खोली आमच्याकडे राहिली, कार्डावरचं नाव बदलायचं राहून गेलं. ही खोली गेली तर मी खय जाऊ? ह्या वयात देवगडच्या घरात सापांशी ओळख करू?

आणि भाषा बघ त्याची! पिवळं कार्ड मिळालं तर उत्तम म्हणतो. शिवाजी पार्कात राहून गरिबाचं पिवळं कार्ड! दोन युनिटचं हवंय, म्हणजे हा आणि ती प्रिती. स्वतःच्या लेकाला सोयीस्कर वगळला. नावाशी कर्तव्य नाही, एकदा माझ्याकडे आलं की माझंच. असं बिनदिक्कत लिहून देतो, मेला. खोली रिकामी झाली की तुझ्या हाती काही लागायचं नाही, अशी धमकी. आणि शेवटी काय, तर जुनं जे दिसतं ते खोडरबराने खोडून काढ! पुरावा खोडायला मलाच बसवतो! "आम्ही सगळे असंच करतो" म्हणे. टोळी आहे, मीरे.

वर शिडी घेऊन येतोय. अ‍ॅल्युमिनियमची.

तुझी आनंदी

*

लालबाग
१९ नोव्हेंबर

आनंदे,

जयभीम. तुझं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं. सुनेने तर दोनदा वाचून दाखवलं, शिडीपाशी आवाज बदलून.

मला तुझा पुतण्या एवढा हुशार कधी वाटला नव्हता. आपल्या नळावर बादली लावून तिथेच विसरून जाणारा पोरगा तो. पण बायकोला ठाण्याला ठेवणाऱ्या माणसाचा भरवसा नाही.

धम्मपालला विचारलं. तो म्हणाला, मावशीला सांग भांडू नको. कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा, खरी गोष्ट सही. त्याला कार्ड हवंय ना? देते म्हणावं. पण आधी खोलीवर आपला काही हक्क नाही असं हक्कसोडपत्र सही करून दे. कागद धम्मपालनेच बनवलाय, सोबत पाठवते. तो सही करणार नाही, मग त्याच्या पोटात काय आहे ते कळेल. आणि समज केलीच, तर त्याला कार्डाची झेरॉक्स पाठव. अस्सल कार्ड आपल्या पिशवीत. हे धम्मपालने तीनदा सांगायला सांगितलंय, मी एकदाच लिहिते, कारण तू ऐकायची नाहीसच.

मीरा

*

घोडपदेव
२२ नोव्हेंबर

उन्मेषा,

शिडी आणू नकोस. शिडीवाला बरा झाला.

कार्ड सापडलं. कोपरे शाबूत आहेत. खोडरबर लावलेलं नाही आणि लावणारही नाही. ते जसं आहे तसंच तुला देईन, पण फुकट नाही. सोबतचा कागद नीट वाच. खोलीवर आणि खोलीतल्या चीजवस्तूंवर तुझा, तुझ्या बायकोचा, तुझ्या पुढच्या पिढीचा काही हक्क नाही, एवढंच त्यात आहे. स्टॅम्प पेपरवर उतरवून, सही करून, साक्षीदार घेऊन पाठव. कार्ड रजिस्टर टपालाने निघेल.

सही करायची नसेल तर तसं लिही. मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त चाळीतल्या सगळ्यांना सांगेन.

आनंदीकाकू

*

शिवाजी पार्क
२७ नोव्हेंबर

काकू,

तू ग्रेट आहेस! सापडलं! मी इतक्या जोरात ओरडलो की खालचे जोशी वर आले.

कागदाची गंमत वाटली, पण राग नाही. जुन्या वस्तूंच्या शौकिनांत अशी माणसं असतात. मुलुंडच्या एका गृहस्थाने मला फ्लॉपी ड्राइव्ह देताना देवासमोर शपथ घ्यायला लावली होती. पेटीतल्या इतर वस्तूंवर मी उद्या डोळा ठेवीन, अशी तुला भीती. रास्त आहे. ठेवला होता.

खोलीचं कशाला लिहिलंस ते कळलं नाही. खोली तुझीच आहे, ती मला कशाला हवी? तिथे धड थ्री-पिनचं सॉकेट नाही. पण वकिलांना ओळी भरायच्या असतात, भरू देत. स्टॅम्प पेपर केला, नोटरी केली. नोटरीने विचारलं, "मोबदल्यात काय घेताय?" मी म्हटलं, एक जुनं कार्ड. त्याने मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्याने प्रितीकडे पाहिलं. तिने साक्षीदार म्हणून सही केली, न वाचताच. मी तिला एवढंच सांगितलं होतं की या कागदाने यंत्र टेबलाजवळून एकदाचं प्रदर्शनात जाईल. तिने सही इतकी भराभर केली की पेनाने कागद फाटता फाटता राहिला.

कार्ड पाठवताना दुमडू नकोस आणि त्याच्यावर शिक्का मारू देऊ नकोस.

आनंदाने वेडा झालेला,
उन्मेष

*

घोडपदेव
२ डिसेंबर

उन्मेषा,

तुझा कागद पोचला. धम्मपालने उन्हात धरून बघितला, सही खरी आहे.

कार्ड आज रजिस्टरने सोडलं. झेरॉक्स पाठव असं मला शहाण्या माणसांनी सांगितलं होतं. पण मी शब्द देते तो झेरॉक्सचा देत नाही. अस्सल पाठवलंय. आता ते घेऊन तू काय करायचं ते कर, कागद माझ्याकडे आहे.

जिंकल्यावर माणसाने गोड बोलावं म्हणतात. नारळीपाकाच्या वड्या पाठवायच्या होत्या, पण रजिस्टरवाला घेत नाही म्हणाला.

आनंदीकाकू

*

शिवाजी पार्क
५ डिसेंबर

काकू,

पाकीट मिळालं. उघडताना मी हातमोजे घातले होते, कारण असल्या कार्डाला हाताचा स्पर्श झाला तर अंगातल्या विजेने ते मरतं. टेबलावर रबरी चटई घातली. यंत्राचं झाकण काढून ठेवलं. प्रिती मोबाइलवर चित्रण करत उभी होती.

आत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक खाकी पुठ्ठा निघाला. शिधापत्रिका. कुटुंबप्रमुख रघुवीर महादेव तेंडोलकर. खाली शामराव, तू, माझी आई, आणि उन्मेष, वय वर्षे दोन. तांदूळ, साखर, रॉकेल.

काकू, मी तो पुठ्ठा क्षणभर यंत्राच्या खाचेवर धरून पाहिला, हे चित्रणात आलंय आणि ते आता आमच्या सबंध इमारतीने पाहिलंय.

मग मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. युनिट! रंग! अगं, मी खोडरबराने पितळेसारखी पट्टी घासायला सांगत होतो, तू काय समजलीस? कंट्रोलर कार्ड म्हणजे एक हिरवी पाटी असते, त्यावर काळे चौकोन चिकटवलेले, मागून सगळे बारीक काटे. कॉम्प्युटरच्या आत बसते. सोबत चित्र काढून पाठवतोय. हे चित्र सहावीतल्या मुलालाही कळेल, तेव्हा धम्मपालला दाखवू नकोस.

प्रितीने हक्कसोडपत्राची झेरॉक्स काल वाचली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, यंत्राशी बोलते. "काय रे," विचारते त्याला, "घोडपदेवला टॉवरमध्ये एका खोलीचा काय भाव चाललाय सध्या?" मी तिला सांगितलं की खोली माझी नव्हतीच, काकांनी आणि तू चाळीस वर्षं झाडली, पुसली, तिची गळती सोसली. बाबांनी कधी मागितली नाही, मी मागणार नव्हतो. त्यावर ती यंत्रालाच म्हणाली, "मागायची नव्हती हे ठीक. पण नोटरीकडे रांग लावून सोडायची होती का?"

आता हिशेब बघ. तुझ्याकडे माझी सही आहे. माझ्याकडे तुझं कार्ड आहे. तपासणीवाले जुने कागद बघणार, हे तूच लिहिलंयस. तेव्हा आता मी अटी घालतो. एक, चाळीत सांग की प्रिती ठाण्याला नोकरी करते. दोन, चित्रातली हिरवी पाटी शोध.

कुटुंबातला दोन वर्षांचा,
उन्मेष

*

घोडपदेव
८ डिसेंबर

मेल्या,

कंट्रोल म्हणजे काय हे तुका ठाऊक नाय, आणि म्हणे शिकलेला! उभं आयुष्य आम्ही कंट्रोलच्या रांगेत काढलं, पिशव्या धरून. तुझ्या अंगावर जे मांस आहे ते कंट्रोलच्या साखरेचं आहे. आणि तू त्या शब्दाला शेपूट लावून यंत्रात बसवतोस? साठवण म्हणे! दाणा म्हणे! सरळ "कॉम्प्युटरची पाटी" लिहायला हात मोडला होता?

मीराने तुझं पत्र वाचून मला फोन केला. मला काही ऐकू आलं नाही, ती फक्त हसत होती.

तपासणी बारा तारखेला आहे. कार्ड टपालात टाकू नकोस. हरवलं तर तुझी सही घेऊन मी फुटपाथवर बसेन, आणि फुटपाथ तुझ्याच इमारतीसमोरचा निवडीन. हातोहात पोचव.

राहिली तुझी हिरवी पाटी. चित्र बघून लगेच ओळखली. ती पेटीत नाही. ती खिळ्याला टांगलेली आहे. मी तिच्याने पाठ खाजवते. हात पोचत नाही तिथे बरोबर पोचते, आणि मागचे काटे फार कामाचे आहेत. अंगातल्या विजेने मरते म्हणतोस? माझ्या अंगातली वीज एव्हाना संपली असेल, कारण ती अजून ठणठणीत आहे. तू माझं कार्ड आण, मी तुझी पाटी धुऊन ठेवते.

धुऊ नको म्हणशील. बरं, पुसून ठेवते.

प्रितीचं चाळीत सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

आनंदीकाकू

*

घोडपदेव
१६ डिसेंबर

उन्मेषा,

बस, पाणी पी, मग वाच.

कार्ड घेऊन प्रिती स्वतः आली. तू आला असतास तर पाटी बघून तपासणी विसरला असतास, म्हणून ती आली असं म्हणाली. पोर चांगली आहे, उगाच लोक काहीतरी बोलतात. गॅलरीत उभी राहून टॉवर कुठल्या बाजूला, लिफ्ट किती, उजेड कसा, सगळं विचारत होती. मी म्हटलं, बाय, आता विचारून काय फायदा? तर खदखदून हसली. चार भाकऱ्या आणि तिसऱ्यांचं सुकं खाल्लं, आणि जाताना म्हणाली, "काकू, खोली आमच्या हातून सुटली हे खरं बरं झालं. राहिली असती तर त्याने तिथे दुसरं यंत्र ठेवलं असतं."

बारा तारखेला ती माणसं आली. दोघं. एक विचारणारा, एक लिहिणारा. माझं कार्ड बघितलं आणि विचारणारा म्हणाला, "आजी, हे तर तुमच्या दिरांच्या नावाचं. त्यांचे वारस कुठे आहेत? त्यांची हरकत नाही, असं लेखी हवं. नाहीतर ही खोली वादात टाकावी लागेल."

अख्ख्या मजल्यावर हेच. कुणाच्या कार्डावर मोठा भाऊ, कुणाच्या चुलता, कुणाचा मामा. सगळे गेले नालासोपारा नि डोंबिवली, आणि आता सही म्हटली की एकेकाला खोलीतलं बालपण आठवतंय. शेजारच्या लवूच्या भावाला तर रडू आलं, सही मात्र आली नाही.

आणि मग मला आठवलं की कागद माझ्या पिशवीतच आहे. स्टॅम्प, नोटरी, साक्षीदार. मी काढून त्याच्यासमोर ठेवला. वादात टाकायची माझी खोली अशी एका मिनिटात सरळ झाली. मी तुला लबाड ठरवून जी सही घेतली, तीच सही नसती तर मी गेले होते. तू मागायला येशील या भीतीने मी कागद केला, आणि तू कधी मागणारच नव्हतास. यात शहाणं कोण ठरलं, याचा विचार मी मुद्दाम केलेला नाही.

त्या माणसाने कागद वाचला, पुन्हा वाचला. "पुतण्याने एवढी खोली सोडली कशासाठी?" मी म्हटलं, त्याला कॉम्प्युटरचं कार्ड हवं होतं. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग लिहिणाऱ्याला म्हणाला, "लिही, पुतण्या हरकत घेण्याच्या स्थितीत नाही." मी काही दुरुस्ती केली नाही. माझं नाव यादीत लागलं, खोली माझी.

आता तुझ्या पाटीचं. पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली होती, प्रिती भाकऱ्यांच्या नादात ती इथेच विसरली. पण तपासणीच्या वेळी लवू सगळं बघत उभा होता. तो म्हणाला, "काकी, ता कार्ड माका दोन दिस दी. भावाक दाखयतंय, सही घेतंय, परत हाडून देतंय." मी आधी नको म्हटलं. मग त्याचं तोंड बघवेना. त्याच्याही खोलीचा तोच प्रश्न, आणि माझी सुटली होती. सुटलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. शिवाजी पार्कचा माणूस खोली सोडून ही पाटी घेतो, हे भावाच्या कानावर आधीच गेलं होतं. मी तुझं पत्रही लवूसोबत दिलं, ते सोनेरी पट्टीचं. भावाने पाटी उजेडात धरली, पट्टी नखाने खरवडली, आणि त्याचं रडणं थांबलं म्हणे.

म्हणाला, सही करतो. पण एका पाटीवर नाही, जोडी हवी.

तेव्हा तुझी पाटी जरा अडकलीय. चिडू नकोस, जानेवारीला वेळ आहे. तुझ्या घरात असल्या जुन्या पाट्यांचा ढीग आहे, असं प्रितीने सांगितलं. त्यातली एखादी उलट टपाली पाठव, की लवूची खोली होईल आणि तुझी पाटी सुटेल. आणि एकीवर थांबू नकोस, चार-पाच पाठव, मजल्यावर भाऊ बरेच आहेत. बंद पडलेल्या असल्या तरी चालतील. हिरव्या असाव्यात, खाली थोडं सोनेरी असावं.

जुळायची काही अट नाही.

तुझी,
आनंदीकाकू